थांबायची अक्कल

"वाढायला काय अक्कल लागते? अक्कल लागते ती थांबायला."

हे वाक्य बाई कुठेही वापरायच्या. प्राचार्यांचं भाषण लांबलं की शेजारच्या खुर्चीवरून माझ्या कानाशी यायचं. गल्लीतल्या हळदीच्या व्यापाऱ्यानं घराचा ओटा हातभर पुढे रस्त्यावर घेतला, तर जाताजाता त्याला ऐकू जाईल अशा बेतानं यायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी कॉलेजात आलो की माझ्या पोटाकडे बघून तर हमखास यायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं एकच वाक्य साऱ्या जगाला पुरतं.

वसमतच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या रुजू झाल्या तेव्हा कुरुंद्याहून सकाळच्या एसटीनं यायच्या. ठेंगणा बांधा, खणखणीत आवाज आणि चालणं असं की शिपायालाही मागे टाकतील. डावा डोळा काचेचा होता. नवखा माणूस बोलताना गोंधळायचा की बघावं कुठल्या डोळ्याकडे. बाई त्याची लगेच सुटका करायच्या. "सर, उजव्याशी बोला. डाव्याला मराठी येत नाही," असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मराठीचा मास्तर म्हणून हा खास टोला होता, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

त्या डोळ्याची गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. त्यांच्या वडिलांचा एक डोळा लहानपणीच सुकून गेलेला. देवी आल्या होत्या त्यात गेला, असं घरात सगळे धरून चालले होते. पुढे त्यांना पहिला मुलगा झाला. त्याच्या डोळ्यात अंधारात मांजरासारखी चमक दिसायची. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, लेकराच्या डोळ्यात दिवा आहे, मोठा साहेब होणार. दिव्याचं कौतुक चाललं, तोवर डोळा सुजून बाहेर आला आणि ते लेकरू गेलं. त्याच्या पाठीवर बाई झाल्या. त्यांच्याही डोळ्यात तोच दिवा दिसला, तेव्हा वडिलांनी कौतुक केलं नाही. दोन वर्षांची पोर खांद्यावर टाकून ते औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "डोळा घ्या, पोरगी द्या."

गावात परत आल्यावर लोकांनी त्यांनाच बोल लावला. पोरीच्या जातीला एक डोळा नाही म्हटल्यावर लग्न कसं होणार, असं जो तो विचारायचा. ते म्हणायचे, "मेलेल्या पोरीचं तरी कोण करतं लग्न?" बाईंचा आवाज आणि जिभेची धार कुठून आली, ते मला या एका उत्तरात कळलं.

एमएस्सीला असताना ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात त्यांना आपलं घर सापडलं. घरातल्या घरात उतरणारा हा डोळ्याचा कॅन्सर एका जनुकाच्या बिघाडानं होतो, असं त्यात लिहिलं होतं. वडिलांचा डोळाही देवीत नव्हे, यातच सुकला होता. मी त्यांना विचारलं, वाईट वाटलं असेल ना तेव्हा?

"वाईट?" त्या म्हणाल्या. "राग आला, सर. इतकी वर्षं लोकांनी आमच्या घरावर करणी लादली, नजर लादली, बापाच्या मागच्या जन्मीचं पाप लादलं. आणि निघालं काय, तर एक जनुक. मी त्या दिवशी मेसमध्ये दोन ताटं जेवले रागानं."

हे जनुक काय करतं ते मराठीच्या मास्तरला समजलं, याचं श्रेय त्यांच्या बारावीच्या एका तासाला आहे. मी शेजारच्या वर्गात होतो, मधल्या उघड्या दारातून सगळं दिसत होतं. शेवटचा तास होता आणि खेड्यावरच्या पोरांचे कान एसटीच्या हॉर्नकडे लागले होते. बाईंनी दोन मुली दारात उभ्या केल्या. नियम सांगितला की दोघींपैकी एकीनं जरी "थांब" म्हटलं तर कुणी उंबरा ओलांडायचा नाही. घंटा झाली. पोरं उठली. दोघी म्हणाल्या "थांब", पोरं थांबली. मग बाईंनी एकीच्या तोंडावर रुमाल बांधला आणि पोरांना पुन्हा सोडलं. दुसरी "थांब" म्हणाली, पोरं कुरकुरत थांबली. मग बाईंनी आपल्या पदराचं टोक दुसरीच्या तोंडावर धरलं. अख्खा वर्ग धाडकन व्हरांड्यात सांडला आणि चहाचा कप घेऊन येणारे प्राचार्य भिंतीला चिकटले.

बाईंनी सगळ्यांना परत आत घेतलं. "आता ऐका," त्या म्हणाल्या. "पेशी म्हणजे तुम्ही. तुम्हाला बाहेर पळायला कुणी शिकवावं लागलं नाही. पेशीलाही वाढायला शिकवावं लागत नाही. तिला 'थांब' म्हणणारं जनुक असतं, आणि प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. एक मुकी झाली तरी दुसरी काम भागवते. दोन्ही मुक्या झाल्या की मग सुटते ती गाठ, तिलाच आपण कॅन्सर म्हणतो. बहुतेकांना दोन्ही धडधाकट मिळतात. मला एकीच्या तोंडावर रुमाल बांधूनच जन्माला घातलंय. अंगातल्या प्रत्येक दारावर माझ्याकडे एकच बोलणारी आहे."

प्राचार्य दारात कप धरून उभेच होते. पोरांची बस त्या दिवशी चुकली, पण कुणी तक्रार केली नाही.

लग्नाच्या बाबतीतही त्यांचा हाच खाक्या. बघायला आलेल्या मुलाला चहा येण्याआधी हे सगळं सांगायच्या. पुष्कळांचा चहा कपातच राहिला. शेवटी वसमतचाच एक लाइनमन आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दुसऱ्या डोळ्याला आता धोका हाय का?"

"आता नाही. लहानपणीच होता."

"मग झालं. मी रोज खांबावर चढतो. धोक्याचं मला नका सांगू."

लग्नानंतर काही वर्षांनी बाईंना दिवस गेले तेव्हा स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. आमचे एक वयानं मोठे सहकारी, मनानं वाईट नव्हेत, पण गणिताचे. ते तोंडावरच म्हणाले, "तुम्हीच शिकवता की बाई, निम्मी शक्यता असते. छापा की काटा. जाणूनबुजून कशाला हा खेळ?"

बाईंनी पेपर तपासायचा थांबवला. "माझ्या बापानं हे गणित केलं असतं तर आज या खुर्चीत कोण बसलं असतं?" त्या म्हणाल्या. "काटा पडला तर पडू द्या. त्याला आमच्या घरात आजवर कुणी वेळेवर बघितलं नाही. मी बघणार आहे. लवकर दिसला तर त्याची मान धरता येते, सर. मी लेकराचा जीव तर देणार नाहीच, डोळासुद्धा सहजासहजी द्यायची नाही."

माझी मान उगाचच ताठ झाली, जणू बोललो मीच होतो.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. आम्ही चिडवायचो, की जिल्हा आणि लेक एकाच वेळी मिळाली, आता कलेक्टर करा. पण घरात वेगळंच चाललं होतं. बाईंची सासू जुन्या वळणाची. पाचवीची सटवाई त्या घरातून कधीच गेली होती, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध होते. काजळ मात्र राहिलं होतं आणि सव्वा महिनाही राहिला होता. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीला सासूनं काळं कांबळं लावलं. लेकराला उजेड दाखवायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, बाहेरच्या माणसानं टक लावून बघायचं नाही. बाईंना तर पहिल्याच आठवड्यात हैदराबादला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं.

"सव्वा महिना झाल्याबिगर लेकरू गाडीत बसायचं न्हाई," सासू म्हणाली. "मागून काय कमी-जास्त झालं तर?"

"आई, कमी-जास्त होऊ नये म्हणूनच जायचंय."

"तुह्या म्हाताऱ्यानं तुला नेलं तवा तू दोन वर्षाची होतीस. हे रक्ताचा गोळा हाय अजून."

नवरा आई आणि बायकोच्या मधोमध उभा. विजेच्या तारा जोडणाऱ्या माणसाला ही दोन टोकं जोडता येईनात. बाळंतपणानं बाई अशक्त झालेल्या, ताप उतरत नव्हता. एकटीनं लेकरू घेऊन निघणं शक्य नव्हतं. आणि त्यांना पक्कं ठाऊक होतं की हा रोग आठवड्याआठवड्यानं वाढतो.

मी आणि बायको झबलं-टोपडं घेऊन गेलो तेव्हा बाईंनी मला हळूच विचारलं, "सर, तुमचा कॅमेरा कुठंय?"

मला फोटोचा नाद होता. स्नेहसंमेलन असो की निरोप समारंभ, मीच फुकटचा फोटोग्राफर. सासूनं ऐकलं आणि ती लगेच म्हणाली, "येवढ्या लहान लेकराचा फटू काढत न्हाईत, सर. आयुष्य कमी होतं."

"एकच काढतील, आई. आजोबाला पाठवायचाय," बाई म्हणाल्या. आजोबाचं नाव आलं तशी म्हातारी विरघळली.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन गेलो. बाईंनी मला बजावलं, "पाळणा नको, टोपडं नको. डोळे उघडले की समोरून फ्लॅश मारा." खोलीत कांबळ्यामुळे भरदुपारी अंधार होता. त्याबद्दल बाई कुरकुरतील असं मला वाटलं, तर त्या म्हणाल्या, "असू द्या. अंधारात डोळ्याची बाहुली पूर्ण उघडते. उजेड थेट आतपर्यंत जाईल." सासूनं नजर लागू नये म्हणून केलेला अंधार सून असा कामाला लावत होती. मी चारपाच वेळा बटण दाबलं. रोल निम्माच झाला होता, आणि रोल संपल्याशिवाय धुवायला टाकणं म्हणजे आमच्याकडे पाप. बाईंनी मला अंगणात पिटाळलं आणि उरलेला रोल शेळी, जांभळीचं झाड आणि खांबावरचा नवरा यांच्यावर संपवायला लावला.

फोटो आले. मी पाकीट उघडून पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. लेकराचे दोन्ही डोळे काळेभोर, टपोरे. मी जवळजवळ पळतच बाईंच्या घरी गेलो. सासूही आली. "बघ, काय बी न्हाई," ती म्हणाली. "उगं जीवाला घोर लावून घेतला होता."

बाईंनी फोटो हातात घेतला. खिडकीचं कांबळं एका कोपऱ्यात वर करून उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, फ्लॅशमध्ये डोळे लाल येतात. सगळ्यांचे येतात. हे काळे कसे आले?"

मला एकदम आठवलं. आमच्या गावचा स्टुडिओवाला मोठा हौशी माणूस. फ्लॅशनं लाल झालेले डोळे गिऱ्हाइकाला आवडत नाहीत, म्हणून तो बारीक ब्रशनं प्रत्येक बाहुलीवर काळ्या शाईचा टिपका द्यायचा. वरातीतल्या नवऱ्यामुलापासून निवडणुकीतल्या उमेदवारापर्यंत सगळ्यांना देत आला होता. लेकराचा फोटो म्हणून त्यानं जास्तच मन लावून दिला असणार.

बाईंनी करंगळीला थुंकी लावली आणि फोटोवर हळूच फिरवली. उजव्या डोळ्यावरची शाई निघाली. खाली लाल ठिपका. मग डाव्यावर फिरवली. शाई निघाली आणि खाली दुधासारखं पांढरं. तोच दिवा.

बाईंनी तो फोटो सासूच्या हातात दिला. म्हातारीनं तो जवळ धरला, लांब धरला, पदरानं पुसून पाहिला. पांढरं पांढरंच राहिलं. मग ती उठली आणि खिडकीचं कांबळं दोन्ही हातांनी ओढून खाली घेतलं. त्याच कांबळ्यात तिनं लेकराची दुपटी बांधायला घेतली.

"आपुन काहून बसून राहिलो मग?" ती मुलाला म्हणाली. "गाडी कवाची हाय ते बघ."

सव्वा महिना व्हायचा होता. तरी गल्लीतून ती दिवसाउजेडी, डोक्यावर गाठोडं घेऊन, सर्वांत पुढे चालत गेली. कुणी विचारलं, "काहून हो, लेकरू बाहेर काढलं?" तर म्हणाली, "तुमाला काय करायचं?" सुनेची जीभ तिला एका दिवसात आली होती.

हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ अजून लहान आहे, दुसरा डोळा सध्या स्वच्छ आहे. लेझर, गोठवणारा उपचार, पुन्हा तपासणी, पुन्हा उपचार. बाईंच्या किती रजा गेल्या ते विचारू नका. पोरगी वाचली. तिचा डोळाही वाचला. त्यातून दिसतं कमी, चष्मा जाड आहे, पण डोळा तिचा स्वतःचा आहे. तीन पिढ्यांत त्या रोगाला त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी "थांब" म्हटलं होतं आणि तो थांबला होता. डॉक्टरांनी एकच अट घातली, की पुढची बरीच वर्षं तारीख चुकवायची नाही.

त्यानंतर बाईंनी गावभरच्या बारशांना ताप दिला. आमंत्रण असो-नसो जायच्या, लेकरू मांडीवर घ्यायच्या आणि नवऱ्याचा टॉर्च काढायच्या. लोक चिडायचे. एका डोळ्याची बाई लेकरावर नजर टाकते, असं त्यांच्या पाठीमागे बोलायचे आणि कधीकधी तोंडावरही. "टाकतेच," त्या म्हणायच्या. "तुम्ही टाकत नाही म्हणून मला टाकावी लागते." कळमनुरीकडच्या एका तांड्यावर त्यांना हाकलून दिलं, तर पुढच्या बाजारच्या दिवशी तिथलीच एक आई आपण होऊन लेकरू घेऊन त्यांच्यासमोर बसली. स्टुडिओवाल्याचीही त्यांनी अशी हजेरी घेतली, की त्यानं लेकरांच्या डोळ्यांना पुन्हा ब्रश लावला नाही.

दोन हजार सालानंतर काही वर्षं उलटली आणि बाईंची उजवी मांडी दुखायला लागली. मी म्हटलं, तासाला उभं राहून दुखत असेल. त्यांनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं पाहिलं.

"सर, तास विसरलात का? प्रत्येक दारावर एकच बोलणारी आहे म्हटलं होतं. हाडातसुद्धा."

तेच जनुक. डोळ्यात लहानपणी, आणि अशा माणसांना पुढे कधी हाडात, कधी मांसात. नांदेडला आणि मग मुंबईला नेलं. पाय काढला. बाई कुबड्या घेऊन परत आल्या आणि दुसऱ्या सत्रात खुर्चीवर बसून शिकवायला लागल्या. प्राचार्य म्हणाले, विश्रांती घ्या. बाई म्हणाल्या, "पायानं शिकवत नव्हते मी." कुणी कीव करायला आलं की त्याला आधी विचारायच्या, घरात लहान लेकरू आहे का, डोळे बघितलेत का त्याचे? कीव करणारे लवकर उठायचे.

गाठ फुप्फुसात गेली तेव्हा मी भेटायला गेलो. माझ्या आयुष्याचा धंदा शब्दांचा, आणि ऐन वेळी एकही हाताशी नव्हता. बाईच म्हणाल्या, "मी हरले असं कुठं बोलू नका हं. तो मला दुसऱ्या वर्षीच न्यायला आला होता. इतकी वर्षं त्याला दारात उभं केलं. लग्न केलं, लेक झाली, तुमचा एक रोल वाया घालवला." बोलताना धाप लागत होती तरी त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही. मी रडलो आणि त्यांनी मला रडू दिलं.

पावसाळा संपता संपता त्या गेल्या. मला राग आला, अजूनही आहे. इतक्या शहाण्या बाईच्या देहाला एवढी एक अक्कल कमी पडावी, हे मला कधीच मान्य झालेलं नाही.

दोनतीन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर पाहुणे बसलेले, लाइनमन भिंतीला टेकून खाली बघत बसलेला. पोरगी दिसेना, म्हातारी दिसेना. एक पाहुणी तोंड वाकडं करून म्हणाली, "आज्जी नातीला घेऊन स्टँडवर गेली. जलदान विधी बी झाला न्हाई अजून. लोक काय म्हनतील?"

मी स्टँडवर गेलो. नांदेडची गाडी फलाटाला लागलेली, तिथून पुढे हैदराबाद. म्हातारी पांढऱ्या लुगड्यात, काखेत पिशवी, दुसऱ्या हातात जाड चष्म्याच्या नातीचा हात. एवढ्या गर्दीत ती खांद्यानं वाट काढत होती.

"जयभीम, मावशी," मी म्हटलं. "निदान विधी तरी होऊ द्यायचा होता."

"जयभीम. उद्याची तारीख दिली हाय डॉक्टरनं," ती म्हणाली. "त्या रोगाला दुखवटा कळतो व्हय, सर?"

मी पिशवी वर चढवून दिली. आत तिच्या ओळखीची एक म्हातारी बसली होती. तिनं हिला बघून डोळ्याला पदर लावला. "काहून ग बाई, अशा दुःखात कुठं निघालीस?"

"पोरीचे डोळे दाखवायला."

"आता कशाला? ज्याच्या नशिबात जे हाय..."

"सरक," म्हातारी म्हणाली. तिनं नातीला खिडकीशी, उजेडाच्या बाजूला बसवलं, काच पूर्ण वर सरकवली आणि कंडक्टरला हाक मारून दोन तिकिटं मागितली.